तोंडावरचे मुरूम आणि कच्चा आहार



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काही वडीलधाऱ्या मंडळींना हसू आले असेल. तोंडावर चार मुरूम उठले, त्याचे एवढे काय? वय सरले की आपोआप जातात. आमचे नाही का गेले? आता हे खोटे नाही. पण ज्याच्या तोंडावर ते उठलेले असतात, त्याला विचारून पाहा. सतरा-अठरा वर्षांची मुलगी ओळखपत्राला फोटो काढायचा आहे म्हणून तीन दिवस वर्गाला येत नाही. चांगला पाठांतराचा मुलगा स्नेहसंमेलनातले नाटकाचे काम ऐन वेळी सोडून देतो, आणि शेवटच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसतो. मी भाषेचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. पण गेली वीस वर्षे तरुण चेहऱ्यांसमोर उभा राहतो आहे, आणि अलीकडे एक गोष्ट नवीन पाहतो आहे. ही मुले मुरुमांपायी शिजलेले अन्न सोडू लागली आहेत.

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल धरली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने ओळीने लागतात. या पट्ट्यातली पुष्कळ मुले आमच्या वर्गात असतात. त्यांच्या डब्यांत पूर्वी पोळीभाजी असे. आता एखाददुसऱ्या डब्यात नुसत्या काकडीच्या चकत्या, गाजर, भिजवलेले शेंगदाणे, मोड आलेले मूग आणि खजूर दिसतात. चुलीवर चढलेले काही खायचे नाही, असा नेम. भाकरी नाही, वरणभात नाही, चहा तर नाहीच. चाळीस दिवस असे काढले की रक्त शुद्ध होते आणि रक्त शुद्ध झाले की चेहरा आरशासारखा होतो, असे त्यांनी मोबाइलवर पाहिलेले असते, नाही तर शेजारच्या ताईने सांगितलेले असते. हे कितपत खरे, हाच आजचा प्रश्न.

आधी मुरूम म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपल्या कातडीवर जिथे जिथे बारीक लव असते, तिथे केसाच्या मुळाशी एक तेलाची पिशवी असते. वयात येताना शरीरात जे बदल होतात, त्यांत या पिशव्या जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी केसाच्या छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या कातडीचा चुरा साचून बूच बसते. तेल आत अडते, तिथे आधीपासून राहत असलेले जंतू त्यावर वाढतात, आणि जागा लाल होऊन सुजते. झाला मुरूम. यात रक्त अशुद्ध होण्याचा कुठे संबंध आला? रक्त गाळायला मूत्रपिंडे आहेत, यकृत आहे. ती काकडीची वाट पाहत बसत नाहीत. दुसरे असे, की खाल्लेले तेल सरळ उठून चेहऱ्यावर येत नाही. चेहऱ्यावरचे तेल चेहऱ्यातच तयार होते. घराण्यात आईला किंवा वडिलांना मोठे मुरूम येत असतील, तर मुलाला येण्याचा संभव अधिक. ते मुलाचे पाप नव्हे आणि आईच्या स्वयंपाकाचेही नव्हे.

आपल्या जुन्या वैद्यांना हा विकार चांगला ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोग म्हणून जी यादी आहे, तीत तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या या पुटकुळ्यांचे वर्णन आहे. त्यांना शाल्मलीच्या काट्यांची, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. ज्यांनी काटेसावरीचे खोड जवळून पाहिले असेल, त्यांना ही उपमा किती नेमकी आहे ते कळेल. तिथे उपाय म्हणून वांती करवणे आणि वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी यांसारख्यांचा लेप सांगितला आहे. हे घरी करून पाहा असे मी म्हणत नाही, मोहरीने तोंड भाजेल. सांगायचा मुद्दा एवढाच, की कच्चे खा म्हणजे मुरूम जातील, ही आपली परंपरा नाही. आपल्या वैद्यकात तर पोटातल्या अग्नीला फार मान आहे, आणि कच्चे अन्न पचायला जड मानले जाते.

मग हे आले कुठून? युरोपात गेल्या शतकाच्या आरंभी झुरिकचे डॉक्टर बिर्शर-बेनर यांनी कच्च्या फळांचा आणि धान्याचा आहार देऊन रोगी बरे करण्याचा पुरस्कार केला. निसर्गोपचाराच्या चळवळीबरोबर तो विचार जगभर गेला. आपल्याकडे कच्च्या आहाराचा प्रयोग मन लावून करणारांत पहिले नाव महात्मा गांधींचे घ्यावे लागेल. १८९३ च्या ऑगस्टात प्रिटोरियात असताना त्यांनी भिजवलेले गहू, वाटाणे, तांदूळ, मनुका, फळे यांवर राहून पाहिले, आणि थोड्याच दिवसांत अशक्तपणा आल्यामुळे सोडून दिले. पुढे १९२९ मध्ये पुन्हा तोच प्रयोग केला. या खेपेस साबरमती आश्रमातले सोबतीही त्यात होते. स्वयंपाकाचे कष्ट वाचावेत, खर्च वाचावा, हा त्यात एक मोठा हेतू होता. पण त्यांना आव झाली आणि शेळीच्या दुधाकडे परत यावे लागले. प्रयोग फसल्याचे त्यांनी आपल्या पत्रातून जाहीरपणे लिहिले.

या गोष्टीचा पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९४२ मध्ये पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात बैठे काम करणाऱ्या माणसाच्या रोजच्या आहाराचे माप दिले आहे. पालेभाजी तीन औंस, इतर भाज्या पाच औंस, आणि कच्ची भाजी? एक औंस. म्हणजे सुमारे अठ्ठावीस ग्रॅम, आपल्या भाषेत वाटीच्या तळाला बसेल एवढी कोशिंबीर. तिच्या जोडीला धान्य आहे, दूध आहे, थोडे तूप आणि गूळही आहे. आयुष्यभर आहाराचे प्रयोग केलेला माणूस शेवटी एवढ्यावर आला. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचन येथे त्यांच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम निघाला. अशा ठिकाणी रस किंवा कच्चा आहार देतात तेव्हा माणूस देखरेखीखाली असतो आणि दिवस मोजलेले असतात. घरी एकट्याने, परीक्षेच्या दिवसांत, कुणाला न विचारता चाळीस दिवस काढणे ही वेगळी गोष्ट झाली.

आता कोणी म्हणेल, सर, गांधीजींचे राहू द्या, पण अमक्याचा चेहरा कच्चे खाऊन खरोखर साफ झाला, तो मी डोळ्यांनी पाहिला. मीही पाहिला आहे. आमच्या वर्गात बदलापूरकडची एक मुलगी होती. नाव सांगत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर आली ती गालफडे बसलेली, पण गालांवरचे मुरूम निम्म्याने कमी. मी विचारले, "अगं, आजारी होतीस का?" तर म्हणाली, "नाही सर, महिनाभर कच्चं खातेय. चेहरा बरा झाला ना?" प्रश्न मोठ्या आशेने विचारलेला होता. पुढे ती आमच्या एका सहकारी बाईंजवळ मोकळेपणाने बोलली, तेव्हा कळले की जिना चढताना तिला धाप लागते, केस गळतात आणि त्या महिन्यात पाळी आलेली नाही. आजी रोज ताट वाढून बसायची आणि ही रोज ते मांजरापुढे सरकवायची.

या मुलीचे मुरूम कमी झाले हे खरे. पण ते कशाने झाले? इथे आपण शिक्षकांनी मुलांना गणितात शिकवतो तेच करायला हवे. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायला हवी. तिने चूल सोडली, हे तिच्या लक्षात राहिले. पण चुलीबरोबर आणखी काय काय सुटले? दिवसातून चार वेळचा दोन-दोन चमचे साखरेचा चहा सुटला. त्याच्याबरोबरची बिस्किटे सुटली. स्टेशनबाहेरचा वडापाव सुटला, उल्हासनगरच्या मैत्रिणीच्या घरचे मैद्याचे पकवान सुटले, थंड पेयांच्या बाटल्या सुटल्या. एवढे सगळे एकदम सोडल्यावर यश मात्र काकडीच्या पदरात घालायचे, हा कुठला न्याय?

आणि या बाजूने पाहिले तर विज्ञानाला थोडेफार सांगण्यासारखे सापडले आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत पासष्ट जणांना रोज चॉकलेटची वडी देऊन पाहिले आणि मुरूम वाढले नाहीत, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर कित्येक वर्षे डॉक्टर मंडळी सांगत की खाण्याचा आणि मुरुमांचा काही संबंध नाही. मौज अशी, की चॉकलेटशी ताडून पाहायला जी दुसरी वडी दिली होती, तीतही साखर आणि चरबी जवळजवळ तितकीच होती. मग फरक दिसणार कसा! नंतर २००२ मध्ये पापुआ न्यू गिनीजवळच्या किटावा नावाच्या बेटावर बाराशे माणसे तपासली. त्यांत पंधरा ते पंचवीस वयाची तीनशे होती. एकाच्याही तोंडावर मुरूम सापडला नाही. ही माणसे कंद, रताळी, नारळ, फळे आणि मासे खातात. साखर, मैदा, डबाबंद खाणे त्यांच्याकडे जवळजवळ नव्हते.

इथे कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते म्हणतील, पाहा, निसर्गाजवळचे अन्न! होय, पण ते चुलीवरून उतरलेले आहे. किटावाचे लोक जे कंद खातात त्यांत अळूची जातही आहे. अळू कच्चे खाऊन पाहिले आहे का कोणी? घशाला जी खाज सुटते ती दिवसभर जात नाही.

या बाबतीत आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी बायकांकडे जे शहाणपण आहे, त्याचे मला फार कौतुक वाटते. उन्हाळ्याच्या शेवटी बदलापूरच्या बाजारात ठाकूर आणि कातकरी बायका करवंदांच्या, जांभळांच्या पाट्या घेऊन बसतात. बदलापूरचे जांभूळ तर नावाजलेलेच. ही झाली तशीच तोंडात टाकायची फळे. पहिला पाऊस पडला की त्याच पाट्यांत शेवळं येतात. शेवळं ही अळू-सुरणाच्या कुळातली. विकणारी बाई जुडीबरोबर दोन-चार हिरवी काकडं हातावर ठेवते आणि बजावते, "ताई, हे घातल्याबिगर शिजवू नका, घसा खवखवंल." शेवळांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशात टोचतात. काकडाच्या आंबट रसात शेवळं नीट शिजवली की ती खाज मोडते, आणि मग त्यांच्यासारखी भाजी नाही. कच्चे काय खायचे, शिजवून काय खायचे आणि कशाबरोबर शिजवायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या चाखून ठरलेले आहे. राजम्याचेही तसेच. कच्चा किंवा अर्धा शिजलेला राजमा खाल्ला तर वांत्या आणि जुलाब होतात, कारण त्यात एक विषारी द्रव्य असते आणि ते उकळल्यावरच मोडते. कडू लागलेल्या दुधीचे तर विचारूच नका. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रीय क्षेत्रातल्या अधिकाऱ्याचा मृत्यू झाला, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला त्याबद्दल इशारा द्यावा लागला. रस कडू लागला तर तो औषधी समजून गिळू नये, थुंकून टाकावा. जुन्या बायका दुधी चिरताना तुकडा जिभेवर ठेवून बघत, ती रीत सोडू नका.

दुसऱ्या एका प्रयोगाकडे वळू, कारण तो आपल्या प्रश्नाला अगदी भिडतो. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात पंधरा ते पंचवीस वयाच्या, मुरूम असलेल्या त्रेचाळीस मुलांचे दोन गट केले. एका गटाला बारा आठवडे असे जेवण दिले, की ज्याने रक्तातली साखर एकदम उसळी घेणार नाही. दुसरा गट नेहमीसारखे खात राहिला. बारा आठवड्यांनी पहिल्या गटातले मुरूम दुसऱ्याच्या जवळजवळ दुपटीने कमी झालेले आढळले. यातल्या दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, हे जेवण शिजवलेलेच होते. दुसरी, ज्यांनी काहीच बदल केला नाही त्यांचेही मुरूम काही प्रमाणात कमी झाले! मुरुमांची रीतच अशी आहे. ते येतात, भडकतात, आणि काही काळ आपसूक बसतात. माणूस उपाय कधी सुरू करतो? ते भडकतात तेव्हा. मग जे बसायचेच होते, त्याचे श्रेय त्या दिवसांतल्या उपायाला मिळते. चाळीस दिवसांच्या पुष्कळ चमत्कारांचे मूळ इथे आहे.

साखर उसळू न देणारे जेवण म्हटल्यावर कोणाला वाटेल, काही परदेशी प्रकार असेल. तसे काही नाही. ज्वारी-बाजरीची नाहीतर नाचणीची भाकरी, मुगाची किंवा मटकीची उसळ, वरण, पालेभाजी, ताक, मूठभर शेंगदाणे. भात खायचा तर नुसत्या भाताचा डोंगर न करता वरण आणि भाजी वाढवावी. आपल्या आजीचे ताट म्हणजे हेच. त्यात एक बाजू कोशिंबिरीची असतेच, आणि ती जरूर असावी. कच्च्यात एक खरा गुण आहे, तो नाकारू नये. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते, म्हणून पेरू, आवळा, लिंबू, काकडी कच्चे खाण्यात अर्थ आहे. उलट गाजर, टोमॅटो, पालेभाज्या यांतली रंगद्रव्ये शिजवून, थोड्या तेलाबरोबर खाल्ली तर अंगी अधिक लागतात. ताटात दोन्हींना जागा आहे.

दुधाबद्दल पुष्कळ विचारणा होते. २००५ मध्ये अमेरिकेत सत्तेचाळीस हजारांवर परिचारिकांना त्यांच्या शाळेतल्या वयातला आहार आठवायला सांगितले, तेव्हा जास्त दूध पिणाऱ्या, विशेषतः साय काढलेले दूध पिणाऱ्या गटात मुरुमांचे प्रमाण अधिक आढळले. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी काय खाल्ले ते कितपत खरे आठवते, हे आपण जाणतोच. खेड्यातल्या मुलांना आधीच दूध जेमतेम मिळते. तेवढ्यावरून ते तोडू नका. चहातली साखर तोडा. व्यायामशाळेत जाणारी मुले डब्यातली दुधाची भुकटी ढोसतात, त्यांनी मात्र ती महिना-दोन महिने थांबवून पाहायला हरकत नाही. आणि आंबा? आंबा उष्ण, त्याने मुरूम येतात, असे घरोघर म्हणतात. त्याला म्हणावा तसा पुरावा नाही. मे महिन्यात मुलांना आंब्यावाचून ठेवण्याचे पाप मी तरी सुचवणार नाही.

आता या खटाटोपात जो खरा धोका आहे त्याकडे येतो. जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाच्या संशोधकांनी दीर्घकाळ कच्चे खाऊन राहणाऱ्या पाचशेहून अधिक स्त्रीपुरुषांची पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत स्त्रियांचे वजन सरासरी बारा किलो उतरले होते, आणि पंचेचाळीस वर्षांखालच्या स्त्रियांपैकी सुमारे तीस टक्क्यांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. ही सुखवस्तू देशातली धडधाकट माणसे. आमच्या मुलींचे काय? २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी सुमारे एकोणसाठ टक्के मुलींना पंडुरोग असल्याचे आढळले. शंभरांत एकोणसाठ. याच मुलींना आपण शाळेत लोहाच्या निळ्या गोळ्या देतो. ज्या मुलीच्या अंगात आधीच रक्त नाही, तिने रक्त शुद्ध करायला म्हणून भाकरी आणि डाळ सोडावी, याहून उलटी गोष्ट ती कोणती?

शिवाय आपल्या भागातले पाणी. वालधुनी नदी अंबरनाथच्या डोंगरात उगम पावते, १०६० सालच्या त्या सुंदर शिवमंदिरापाशी येते आणि पुढे उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याने तिची काय दशा झाली, हे तिच्या काठच्या माणसांना सांगायला नको. असल्या पाण्यावर वाढलेली किंवा असल्या पाण्यात बुचकळून ताजी दाखवलेली पालेभाजी कच्ची खाल्ली, तर विषमज्वर, कावीळ, जंत यांना आपण होऊन घरी बोलावल्यासारखे आहे. शिजवण्याने चवच नव्हे, तर जंतूही बदलतात, म्हणजे मरतात. हे जे संरक्षण चूल आपल्याला फुकट देते, ते कच्च्या आहारात गेले. कोशिंबीर करायची तर काकडी, गाजर वाहत्या चांगल्या पाण्याखाली चोळून धुवा आणि साल काढा. पावसाळ्यात कच्च्या पालेभाज्यांचे रस टाळा. मोड आलेल्या मुगांना उकळत्या पाण्याची वाफ द्या; मोड येण्याची ऊब आणि ओल जंतूंनाही तेवढीच मानवते.

कच्चे खाऊन भागले नाही की मुले दुसऱ्या टोकाला जातात, आणि ते अधिक वाईट. औषधांच्या दुकानात जाऊन "चेहऱ्याला काहीतरी द्या" म्हणतात, आणि हातात एक ट्यूब पडते. चार दिवसांत चेहरा गोरा आणि गुळगुळीत. मुलगी खूश, घरचे खूश, शेजारीण नाव विचारून घेते. ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड असते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्यांची काही नावे. वहीत लिहून ठेवा आणि ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. ही औषधे इसबाला डॉक्टरांच्या सांगण्यावरून थोडे दिवस लावण्याची आहेत. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, उन्हात आग होते, मुलींच्या गालांवर लव वाढते आणि मुरूम दुपटीने उठतात. थांबवावे तर चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. २०११ मध्ये भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी बारा केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रोगी तपासले, त्यांत ४३३ जण स्टिरॉइडची मलमे लावत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीवाचून विकता येणार नाहीत असा नियम केला. नियम आहे, पण तो दुकानाच्या काउंटरवर किती पोचला आहे, ते आपण दुकानात उभे राहून पाहावे. ज्यांना अशी सवय आधीच लागली आहे त्यांनी ती एकदम न तोडता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

मुरूम हा बरा होणारा विकार आहे. सौम्य मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड, अॅडापलीन यांसारखी लावायची औषधे आहेत. मोठ्या, गाठीच्या मुरुमांसाठी पोटात घ्यायचीही आहेत, पण त्यांतली काही गर्भारपणात घातक असतात, म्हणून ती डॉक्टरांच्या हातूनच घ्यावी. गाठी दुखत असतील, खड्डे पडत असतील तर वय सरण्याची वाट पाहू नका. मुरूम जातील, खड्डे राहतील. एखाद्या मुलीची पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सरकारी रुग्णालयात चौकशी करा. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली या वयाच्या मुलामुलींना सल्ला देण्याची सोय पुष्कळ ठिकाणी आहे, आणि तिथे चेहऱ्याची तक्रार सांगायला लाजण्याचे कारण नाही. घरी एवढे करा: दिवसातून दोनदा साध्या सौम्य साबणाने तोंड धुवा, घासू नका. डोक्याला तेल लावाल ते कपाळावर ओघळू देऊ नका. मुरूम फोडू नका. दंतमंजन, लिंबू, सोडा हे ज्याचे त्याच्या जागी ठेवा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. वर्गात मुरूम आलेल्या मुलाला मुले नावे ठेवतात, ते आपल्या कानांवर पडते आणि आपण फळ्याकडे वळतो. त्या नावांचा तिथल्या तिथे बंदोबस्त करा. आणि डबा खाण्याच्या सुट्टीत एखादी मुलगी रोज नुसती काकडी खाताना दिसली, तर तिला चारचौघांत न विचारता एखाद्या बाईंकरवी बाजूला घेऊन विचारा. ती बदलापूरची मुलगी पुढे डॉक्टरांकडे गेली, आजीच्या ताटावर परत आली. साखरेचा चहा मात्र तिने पुन्हा धरला नाही, आणि ते तिने चांगलेच केले.

शेवटी, उपायाला किती दिवस लागतात, हे विचारणारांसाठी. लावायच्या औषधाने पहिले दोन-तीन आठवडे कातडी कोरडी पडते, कधी मुरूम थोडे वाढल्यासारखे वाटतात. इथेच बहुतेक मुले कंटाळून सोडून देतात. खरा फरक आठ ते बारा आठवड्यांनी दिसतो. म्हणजे गणपतीत सुरुवात केली तर निकाल तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. तोवर आरशात पाहू नका असे सांगून काही उपयोग नसतो, मुले पाहणारच. त्यापेक्षा महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, सकाळच्या त्याच उजेडात एक फोटो काढून ठेवायला सांगावा, आणि मागच्या महिन्याच्या फोटोशी ताडून पाहावा.